चोवीस हत्यारं आणि आजोबांची ट्रंक

प्रश्न: मी 29 वर्षांचा आहे, कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात राहतो, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात काम करतो. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली सापडत नाही. ते उघडावं म्हणून कुलपं उघडण्याचे व्हिडिओ बघायला लागलो आणि त्याचा नादच लागला. ऑनलाइन 24 नगांचा लॉकपिकचा (किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या हत्यारांचा) सेट मागवला, सोबत एक पारदर्शक कुलूप आलं. ते दोन दिवसांत उघडलं. पण ट्रंकेच्या कुलपावर तीन आठवडे घातले, दोन पिक वाकले, कुलूप हललंसुद्धा नाही. सेटमधली निम्मी हत्यारं कशासाठी आहेत तेच कळत नाही. आई म्हणते, चोराची हत्यारं घरात नकोत. शेजारी बघतील म्हणून रात्री खोलीचं दार लावून बसतो. मी काही चुकीचं करतोय का? कुलपाचा फोटो पाठवतोय.

उत्तर:

तुमच्या फोटोतल्या कुलपाच्या अंगावर, गंजाखाली, '7 लिव्हर' असं कोरलेलं दिसतंय. तुमचे तीन आठवडे का वाया गेले, त्याचं कारण तिथेच लिहिलेलं आहे. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. तुमच्या सेटमधलं जवळजवळ प्रत्येक हत्यार पिनांच्या कुलपासाठी बनलेलं आहे आणि आजोबांचं कुलूप लिव्हरचं आहे. दोन्हींना आपण कुलूपच म्हणतो, पण आतून ती दोन वेगळी यंत्रं आहेत.

या छंदात येणारी बहुतेक मंडळी हत्यारांची नावं आधी पाठ करतात आणि कुलपाच्या पोटात काय आहे ते नंतर बघतात. पिकाच्या टोकाला जो आकार दिलेला असतो, तो आतल्या कुठल्या तरी भागाकडे बघून दिलेला असतो. तो भाग डोळ्यांपुढे आला की 24 नावं पाठ करावी लागत नाहीत. म्हणून आधी कुलपाचं बोलू.

ते पारदर्शक कुलूप परत हातात घ्या. मधे फिरणारा गाभा आहे, त्यात किल्ली जाते. गाभ्यावर भोकांची रांग आहे. प्रत्येक भोकात एक पिन, तिच्या डोक्यावर दुसरी पिन आणि त्यावर स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा वरची पिन अर्धी गाभ्यात आणि अर्धी बाहेरच्या कवचात अडकून बसते, त्यामुळे गाभा फिरत नाही. बरोबर किल्ली आत गेली की तिचे दाते प्रत्येक जोडीला असं उचलतात, की दोन पिनांमधला सांधा नेमका गाभा आणि कवच यांच्या सीमेवर येतो. सगळे सांधे सीमेवर आले की गाभा मोकळा होतो. अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येलने 1861 आणि 1865 च्या पेटंटांत हे कुलूप आजच्या रूपाला आणलं. तुमच्या-माझ्या फ्लॅटच्या दाराचं सिलिंडर अजूनही त्याच तत्त्वावर चालतं.

आता पुढची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. ड्रॉइंगवर पाच भोकं एका रेषेत असतात. प्रत्यक्षात मशीनवरून उतरलेल्या नगात ती तंतोतंत एका रेषेत कधी असतात का? थोडा फरक राहतोच, आणि तो किती चालवून घ्यायचा हे ठरवणं तुमचं रोजचं काम आहे. पिकिंग सगळं त्या टॉलरन्सवर उभं आहे. गाभ्याला हलका पीळ दिला की पाचही पिना एकदम आवळत नाहीत. ज्या भोकाची जागा सगळ्यात जास्त चुकलेली असते, तिथली पिन आधी आवळते. ती सीमेपर्यंत उचलली की गाभा केसभर फिरतो, बोटांना बारीक 'टक' जाणवतं आणि वरची पिन कडेवर बसून राहते. मग पुढची आवळते. एकेक करत शेवटची बसली की गाभा फिरतो. भोकं अगदी अचूक असती तर कुठल्याही पिकाने काही साधलं नसतं. म्हणून चांगल्या कंपनीचं महाग सिलिंडर अवघड जातं आणि स्वस्तातलं पटकन शरण येतं.

हे लक्षात आलं की सेटमधलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार पिक नाही, हेही लक्षात येईल. काटकोनात वाकवलेल्या ज्या साध्या पट्ट्या तुम्ही बहुधा बाजूला ठेवल्या असतील, ती टेन्शन टूल्स. गाभ्याला पीळ ती देतात, आणि आत काय चाललंय ते बोटांपर्यंत तीच पोहोचवतात. त्यांच्यात दोन जाती आहेत. एक किल्लीच्या फटीत पिनांच्या विरुद्ध टोकाला बसते, दुसरी पिनांच्या बाजूला, अगदी तोंडाशी. दुसरीमुळे फटीतली जवळजवळ सगळी जागा पिकाला मोकळी मिळते, म्हणून सवय झाली की बहुतेक जण तिच्याकडे वळतात. (व्हिडिओंमध्ये पिना वर असतात आणि आपल्याकडच्या दारांच्या सिलिंडरमध्ये बहुतेकदा खाली. त्यामुळे 'वर' आणि 'खाली' हे शब्द सोडा, 'पिनांच्या बाजूला' एवढंच धरा.) पट्टी फटीत डुगडुगता कामा नये. म्हणून वेगवेगळ्या रुंदीच्या तीन-चार पट्ट्या जवळ असणं हे दहा पिकांपेक्षा जास्त उपयोगाचं.

जोर किती लावायचा? चिकू पिकलाय का हे बघायला आपण बोटाने दाबतो, तेवढाच. पिनांच्या कुलपात पिक वाकतो तो जास्त जोरामुळे. पीळ जास्त झाला की सगळ्याच पिना आवळतात, मग पिन उचलायला पिकावर जोर करावा लागतो आणि तो वाकतो. पिक वाकायला लागला की हात काढून घ्यायचा, टेन्शन सोडायचं आणि पुन्हा सुरुवात करायची.

आता पिक. सेटमधून शॉर्ट हुक शोधा, टोकाशी किंचित वर वळलेला, साधासा दिसणारा. पुढचे तीन महिने तोच तुमचा. त्याचं काम एकच आहे, एका वेळी एका पिनेखाली जाऊन तिला उचलणं. बाकी पिनांना धक्का न लावता हे करता यावं म्हणून त्याचं टोक लहान आणि गोलसर असतं. हातात सराव मुरला की तुमची बहुतेक पिनांची कुलपं या एका हुकाने उघडतील. त्याच्यापेक्षा उंच वळलेला डीप हुक लागतो तो वेगळ्या अडचणीसाठी. किल्लीत एक दाता खूप खोल आणि शेजारचा उंच असेल, तर लांब पिनेच्या पल्याडची आखूड पिन उचलताना साधा हुक अलीकडच्या लांब पिनेला अडतो. तेव्हा उंच हुक पुढे सरकतो. त्या अडचणीत तुम्ही प्रत्यक्ष अडकाल तेव्हाच तो बाहेर काढा.

नागमोडी, डोंगररांगेसारख्या किंवा तीन उंचवट्यांच्या टोकांचे जे पिक आहेत, ते रेक. व्हिडिओत हेच सगळ्यात भारी दिसतात. टेन्शन धरून रेक आतबाहेर ओढायचा किंवा हलवायचा. पिना उड्या मारतात आणि नशिबाने त्यातल्या काही आपापल्या जागी बसतात. तुमचं पारदर्शक कुलूप तुम्ही असंच उघडलं असणार. त्यातला आनंद खराच आहे, तो मी हिरावून घेत नाही. पण त्यातून हाताला काही कळत नाही, कारण कुठली पिन कधी बसली हे तुम्हाला सांगता येत नाही. रेक ढिल्या टॉलरन्सच्या, साधारण सारख्या उंचीच्या दात्यांच्या कुलपांवर चालतो, कडक कुलपावर थांबतो. एक रेक ठेवा, बाकीचे डब्यात जाऊ द्यात.

टोकाला तिरकस त्रिकोण असलेला हाफ डायमंड हा मधला गडी. थोडंफार एकेक पिन उचलतो, थोडाफार रेकसारखाही चालतो, आणि वेफरच्या कुलपात विशेष कामाचा. वेफर म्हणजे पिनांऐवजी पातळ चपट्या पत्र्या, आपल्या स्टीलच्या कपाटांत आणि ऑफिसच्या ड्रॉवरांत असतात त्या. गोल टोकाचे आणि एकावर एक दोन गोळे असलेले जे पिक आहेत, तेही याच पत्र्यांसाठी. काही वेफर कुलपांत पत्र्या दोन्ही बाजूंना असतात आणि गोळा दोन्हीकडे सारखाच टेकतो, म्हणून तो आकार.

राहिले दोन-चार. टोकाला उलटा काटा असलेली बारीक पट्टी पिक नाहीच, ती मोडलेल्या किल्लीचा तुकडा ओढून काढायला असते. घरात खरा उपयोग तिचाच होतो, शेजारीही तिच्यासाठी तुमच्याकडे येतील. चपट्या अंगावर खड्डे असलेल्या किल्लीच्या कुलपाला झेंड्यासारख्या टोकाचे वेगळे पिक लागतात, आणि नळीसारख्या गोल किल्लीच्या कुलपाला पूर्ण वेगळंच अवजार लागतं. तुमच्या सेटमध्ये ते नाही, आणि आत्ता घेऊही नका.

म्हणजे सरावासाठी चोवीसातले तीन: नीट बसणारी टेन्शन पट्टी, शॉर्ट हुक आणि हाफ डायमंड. त्यांनी काय करायचं ते सांगते. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानातून साध्यातलं साधं दाराचं सिलिंडर किल्ल्यांसह आणा. गाभा मागच्या बाजूने बारीक सर्क्लिपने (तोंड उघड्या कडीने) अडवलेला असतो. ती काढा, किल्ली घालून गाभा थोडा फिरवा आणि त्याच जाडीच्या लाकडी दांड्याने तो मागून ढकलत बाहेर काढा. दांडा आत असेपर्यंत वरच्या पिना आणि स्प्रिंगा जागेवर राहतात. ताटात किंवा मोठ्या ट्रेमध्ये काम करा, एक स्प्रिंग फरशीवर उडाली की सापडत नाही. मग एकच जोडी ठेवून बाकीच्या काढा आणि कुलूप परत जोडा. एका पिनेचं कुलूप उघडणं पोरखेळ वाटेल, पण आवळलेली पिन आणि मोकळी पिन यांतला फरक बोटाला पहिल्यांदा तिथेच कळतो. मोकळी पिन स्प्रिंगमुळे खालीवर होते, आवळलेली दगडासारखी लागते. ते डोळे मिटून ओळखता आलं की दोन पिना, मग तीन. पाचपर्यंत यायला मला पावणेदोन महिने लागले होते.

माझे वडील उद्यमनगरात टर्नर होते. लहानपणी त्यांच्या हातातली कानस बघत मी मोठी झाले, म्हणून एक सुचवते. वाकलेल्या पिकांच्या जागी दुसरा सेट मागवण्यापेक्षा हुक स्वतः करून बघा. हॅक्सॉचं ब्लेड साधारण 0.65 मिलिमीटर जाड असतं, पिकाला ती जाडी चालते. पूर्ण कडक ब्लेड वाकवलं की तुटतं, बाय-मेटल (दोन धातूंचं) घ्या. ग्राइंडरवर दात आधी उतरवा, मग आकार द्या, आणि दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं की टेम्पर गेला समजा, तो पिक मेणासारखा वाकेल. कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, खरखरीत कड पिनेवर अडते आणि तिचा खरखराट 'टक' झाकून टाकतो. गाडीच्या वायपरच्या रबरातली स्टीलची पट्टी टेन्शन टूलसाठी उत्तम. तुमच्या हातात मायक्रोमीटर असतोच, तुम्हाला हे सगळ्यात जास्त आवडेल असं मला वाटतं.

पुढे कधीतरी एखादं कुलूप फसवेल. गाभा चांगला फिरतो, आता उघडलंच असं वाटतं आणि तिथेच अडतो. त्यात डमरूच्या आकाराची वरची पिन असते. तिची बारीक कंबर सीमेवर अडकते आणि खोटी आशा लावते. तेव्हा टेन्शन किंचित सैल करायचं, पिन उचलताना गाभा मागे येतो तो येऊ द्यायचा. हे वाचून जमत नाही, पण कारण माहीत असलं की माणूस चिडत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो माझ्या मते पहिला असायला हवा होता.

जगभरच्या छंदवाल्या मंडळींत दोन नियम पाळले जातात आणि मी ते कुणालाही सवलत न देता सांगते. कुलूप स्वतःचं असावं, किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेली असावी. आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही, मग ते स्वतःचं का असेना. दुसरा नियम मी मोडला आहे. एका रविवारी रात्री घराच्या मुख्य दाराच्या लॅचवर बसले, पिकाचं टोक आत तुटलं, आणि रंकाळ्यावरून परतलेली सासूबाई आणि दोन लहान मुलं तासभर जिन्यात उभी राहिली. किल्लीवाल्याला बोलवावं लागलं, सिलिंडर बदलावं लागलं. मुलं दमून जिन्यातच झोपली होती, ते मला अजून आठवतं. दाराचं कुलूप आपल्या सरावासाठी नसतं, त्यावर घरच्यांचा भरवसा असतो.

कायद्याचं म्हणाल तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुलपावर बसणं हा गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 122 खाली सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ सापडलं तर शिक्षा आहे, आणि कारण योग्य होतं हे ज्याच्याकडे सापडलं त्यानेच सिद्ध करायचं असतं. तेव्हा सेट गाडीच्या डिकीत, ऑफिसच्या बॅगेत किंवा खिशात घेऊन फिरू नका. मित्राकडे दाखवायला न्यायचाच असेल तर दिवसा न्या आणि सोबत सरावाची कुलपंही असू द्या.

आणि रात्री दार लावून बसणं बंद करा. आई घाबरतात ते पिकांना नाही, तुम्ही लपवताय म्हणून. बंद खोलीतून बारीक टकटक येत असेल तर कुठल्याही आईला शंका येईल. उद्यापासून संध्याकाळी सोप्यातल्या टेबलावर बसा, दार उघडं ठेवून. त्यांना ते पारदर्शक कुलूप हातात द्या आणि एक पिन उचलून दाखवा. मग त्यांना लंडनची गोष्ट सांगा. जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप आणि आव्हानाची पाटी होती, जो ते उघडेल त्याला 200 गिनी. साठ वर्षांहून अधिक काळ ते कुणाला जमलं नाही. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी माणसाने 16 दिवसांत मिळून 51 तास काम करून ते उघडलं. त्याच वर्षी त्याने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूपही साधारण 25 मिनिटांत उघडलं. लोक हादरले. पण पुढे कुलपं सुधारली ती या उघड्या परीक्षेमुळेच. हॉब्जचं म्हणणं असं होतं, की चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात राहतो तो साधा गिऱ्हाईक. मला ते पटतं. माझ्या घरच्या दाराला आज कसलं सिलिंडर आहे आणि ते का घेतलं, हे मी सांगू शकते ते या छंदामुळेच.

चबचं ते कुलूप लिव्हरचं होतं, म्हणजे तुमच्या आजोबांच्या कुलपाचं नात्यातलं. 1818 च्या त्याच्या पेटंटात अशी युक्ती होती, की एखादी लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलली गेली तर कुलूप जाम व्हायचं आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात घातला होता. तुमच्या कुलपात अशी युक्ती नसेल, पण मूळ घडण तीच. आत एकावर एक सपाट पट्ट्या, प्रत्येकीवर स्प्रिंग, प्रत्येकीत एक खाच. किल्ली सातही पट्ट्या बरोबर उंचीवर नेते, खाचा एका ओळीत येतात, आणि आतल्या खिट्टीचा दांडा त्यांतून सरकतो. इथे पीळ द्यायला फिरणारा गाभा नसतोच, जोर थेट त्या खिट्टीवर द्यावा लागतो. म्हणून तुमच्या टेन्शन पट्टीला आत पकडायला काही सापडलं नाही. शिवाय लिव्हरच्या स्प्रिंगा पिनांच्या स्प्रिंगांपेक्षा दमदार असतात, बारीक हुक त्यांच्यापुढे वाकणारच. त्यासाठी एकात एक बसणाऱ्या दोन जाड तारांचं वेगळं अवजार असतं. ती विद्या पुढची, वर्षभरानंतर बघा.

तोवर ट्रंक तशीच ठेवू नका आणि करवतही लावू नका. कुलपात मशीनचं पातळ तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, आणि हाताने कानस चालवणारा एखादा जुना किल्लीवाला घरी बोलवा. मशीनवर डुप्लिकेट काढणारा नको, त्याला नमुना लागतो आणि तुमच्याकडे नमुना नाही. तो कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी करेल, कुलपात घालून हलकेच फिरवेल आणि बाहेर काढेल. काजळीवर लिव्हर जिथे घासल्या तिथे चकचकीत रेघा उमटलेल्या दिसतील. तिथे कानस, परत काजळी, परत कुलूप. तासभर लागेल, कदाचित जास्त. त्या वेळात त्याच्या शेजारी बसा आणि परवानगी घेऊन प्रत्येक वेळी ती किल्ली हातात घेऊन बघा. पिकांच्या सेटमध्ये मिळणार नाही असं बरंच काही तिथे दिसेल. आईंनाही बसवा. आणि किल्ली झाली की दोन करून घ्या, एक त्यांच्याकडे राहू द्या.